पावसाळ्यासाठी राखलेली लाकडं

चांद्याला, माझ्या माहेरी, माणूस वर्षात कधीही मरायचं. कुणी चैत्रात, कुणी दिवाळीच्या तोंडावर, कुणी ऐन सुगीत. मरणाला महिना असतो हे मला सासरी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. सासर मुळशीच्या धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अंगाला. माहेर आणि सासर एकाच तालुक्यातलं, पण पाऊस दोन मुलखांचा. चांद्याला पाऊस पडतो, सासरी तो राहायला येतो. मृगात एकदा पाय ठेवला की नवरात्रापर्यंत हलायचं नाव नाही.

माझं लग्न झालं तेव्हा स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती. वाडीला रस्ता नव्हता, वीज नव्हती. पौडाला जायचं तर आधी पायपीट आणि मग मिळाली तर गाडी. हल्ली पुण्याची माणसं पावसाळ्यात त्या बाजूला जातात, कणसं खातात, धबधब्याखाली उभी राहतात आणि 'काय स्वर्ग आहे' म्हणतात. मी गप्प बसते. स्वर्गाची वाट त्या काळी तिथून फार सोपी होती, हे त्यांना कशाला सांगायचं?

पहिल्याच वर्षी तांदूळ निवडता निवडता सासूबाईंनी मला मरणाचं पंचांग सांगितलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या म्हणाल्या, "आखाडात म्हातारी जात्यात. भादव्यात पोरं. थंडीत दम्याची. उन्हाळ्यात कुनी मरत न्हाई, उन्हाळ्यात लग्नं असत्यात." कुठली डाळ शिजायला किती वेळ घेते ते सांगावं, तशा आवाजात. पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत मी स्वतः बघितलं. बाई काही खोटं बोलली नव्हती. आषाढात अंगावरचं धडुतं वाळत नाही, भिंतींना बुरशी येते, जमिनीतून गारठा वर चढतो, आणि म्हाताऱ्या माणसाची छाती भरते. भादव्यात ओढ्याचं पाणी गढूळ होतं आणि पोरांना हगवण लागते. थंडीत धुकं दुपारपर्यंत धरणावरून उठत नाही, तेव्हा दमेकऱ्यांचे हाल. यात देवाचा कोप वगैरे काही नव्हता. हवा बदलायची, माणूस जायचं.

पण म्हातारं माणूस आषाढात गेलं, की खरी पंचाईत पुढेच असायची. जाळायचं कशावर?

मसणवट ओढ्याकाठी, उघड्यावर. वर छप्पर नाही. चौघांनी चार कोपऱ्यांना पत्रा धरून उभं राहायचं आणि खाली सरण पेटवायचं. लाकूड ओलं असलं की नुसता धूर. मी येण्याच्या कितीतरी आधी मामंजींचे एक चुलते अशाच पावसात गेले होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. सगळ्या वाडीतलं रॉकेल ओतलं, दिवसभर माणसं भिजत उभी राहिली, तरी चुलत्यांचं पुरतं झालं नाही. संध्याकाळी मुलगे घरी आले ते एकमेकांच्या तोंडाकडे न बघता. हे मला मामंजींनीच सांगितलं होतं. त्या दिवशी पत्र्याचा एक कोपरा त्यांच्या हातात होता.

तेव्हापासून आमच्या घरात, आणि हळूहळू वाडीतल्या बऱ्याच घरांत, एक रीत पडली. फाल्गुनात जळणासाठी लाकडं तोडायची, त्यातली निवडक वेगळी काढायची. वैशाखभर ती उन्हात फिरवून फिरवून वाळवायची आणि मृगाआधी ओटीवर आतल्या भिंतीला रचून ठेवायची. पावसात कुणी गेलंच तर असावीत म्हणून. मामंजी साठी ओलांडल्यावर स्वतःची लाकडं स्वतःच निवडायला लागले. ऐनाचं लाकूड घ्यायचे, जांभळाचं घ्यायचे, गाठीचं बाजूला टाकायचे. "ह्ये धूर करंल," म्हणायचे. मुलीच्या लग्नाला तांदूळ निवडावेत तसं बारीक लक्ष. कुणी हसलं तर म्हणायचे, "माज्यापायी कुनी पावसात ताटकळायला नगं."

या लाकडांना चुलीला लावायचं नाही, हा कडक नेम. मला हे कोण सांगणार? पहिल्या पावसाळ्यात चूल पेटेना म्हणून मी त्या ढिगातलं एक छानसं वाळकं लाकूड ओढलं, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "अगं बये, त्यावर काय भाकरी भाजतीस? तुज्या सासऱ्याचं सरन हाय त्ये!" माझ्या हातातून लाकूड पडलं ते थेट पायावर. मामंजी शेजारीच बसून तंबाखू मळत होते. ते एवढंच म्हणाले, "नीट ठिव गं परत. खालचं न्हाई, वरचं हुतं त्ये."

दसरा होईपर्यंत कुणी गेलं नाही, की ती लाकडं मोडून न्हाणीतल्या चुलाण्यात घालायची. म्हणजे हिवाळाभर आम्ही सगळे मामंजींच्या सरणावर तापवलेल्या पाण्याने अंघोळ करायचो. मामंजीही करायचे. पाणी कडक तापलं की त्यांना मोठं समाधान वाटायचं.

मग एका वर्षी आषाढ लागला आणि मामंजी पडले. आधी खोकला, मग ताप, मग छातीत घरघर. पाऊस असा की अंगणापलीकडचा गोठा दिसत नव्हता. त्यांची बाज ओटीवर आगटीशेजारी घातली. आगटी म्हणजे जमिनीतला निखाऱ्यांचा खड्डा. पावसाळ्यात आमच्याकडे सगळं घर तिच्याभोवती राहतं. ओला कपडा तिच्यावर, घोंगडी तिच्यावर, माणसंही तिच्याच भोवती. बाजेच्या एका अंगाला आगटी आणि दुसऱ्या अंगाला तो ढीग.

वाडीतली माणसं समाचाराला यायला लागली. डोक्यावरची पानांची इरली काढून पडवीत टेकवायची, पाय धुवायचे, आत यायचं आणि आधी ढिगाकडे बघायचं, मग मामंजींकडे. क्रम कधी चुकायचा नाही. एकीने तर ढिगावर हात फिरवून बघितला आणि मान डोलावली. मला अशी तिडीक गेली! चहा मी तिला दिला, पण गूळ टाकला नाही.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, पुलावरून पाणी ओसरायची वाट बघून पौडाला गेले आणि दवाखान्यातून औषध घेऊन आले. डॉक्टरांनी निरोप दिला होता, की औषध आहेच, पण म्हाताऱ्याला ऊब हवी. कोरडं ठेवा, धुरात ठेवू नका.

आणि नेमकं तेच आमच्याकडे नव्हतं. वाऱ्याने मागच्या बाजूची कौलं सरकली होती आणि चुलीचं सगळं जळण रात्रीतून भिजलं होतं. आगटीत काहीही घातलं तरी धूर. मामंजी खोकून खोकून निळे पडायचे. आम्ही लाकडं चुलीच्या कडेला लावून वाळवत होतो, पण वाळायची ती दोन आणि लागायची दहा.

लावणीचे दिवस होते. आमच्याकडे तिला आवण म्हणतात. घरात कुणी मरायला टेकलं म्हणून आवण थांबत नाही. रोप वाढलं की ते लावायलाच लागतं, नाहीतर वर्षाचा भात गेला. मी, आत्याबाई आणि मालक सकाळी खाचरात उतरायचो. पाठीवर पानांचं इरलं, पण गुडघ्यापर्यंत चिखल आणि समोरून पाऊस. इरल्याने डोकं तेवढं कोरडं राहायचं. दुपारी एकजण घरी येऊन मामंजींना पेज पाजून जायचं.

एके दिवशी दुपारी आम्ही तिघं बरोबरच आलो. ओटीवर धूर कोंडला होता आणि मामंजी अर्धे उठून धापा टाकत होते. डोळे पांढरे झाले होते. आत्याबाईंनी इरलं दारातच टाकलं. त्या तशाच निथळत ढिगापाशी गेल्या, वरची तीन-चार लाकडं ओढली आणि आगटीतला ओला कचरा उपसून ती आत घातली.

मालक ओरडले, "आये! ती मयताची लाकडं हायेत!"

"मंग?"

"उद्या काय झालं तर जाळायचं कशावर?"

"उद्याचं उद्या बघू. मेल्यावर ऊब दिऊन मी काय करू? आज गारठलाय मानूस!"

लाकूड क्षणात धरलं. वैशाखातलं ऊनच होतं त्यात. धूर नाही, काही नाही, तांबडा लखलखीत जाळ. ओटीवर किती दिवसांनी एकमेकांची तोंडं दिसली. मामंजींचा श्वास जरा जागेवर आला आणि पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं, "माजी लाकडं जाळलीस?"

"जाळली. अजून जाळनार हाय."

"अगं, वरची न्हवं जाळायची. तोंडाशी लावायला राखलेली ती."

"आता तोंड गप ठिवा आन् पेज प्या," आत्याबाई म्हणाल्या. "लाकडं सपली, की दसऱ्यापत्तूर मरायचं न्हाई. सांगून ठिवते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मालक मात्र भिंतीकडे तोंड करून बसले. वाडीत हे कळलं तेव्हा लोकांनी कानाला हात लावला. राखलेली लाकडं जित्या माणसाखाली जाळायची म्हणजे मरण बोलावून आणायचं, असं ज्याचं त्याचं मत. आत्याबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. रोज ढीग थोडा खाली जायचा आणि मामंजी रोज थोडे वर यायचे. ते पडल्या पडल्या सूचनाही द्यायला लागले. हे आधी घाल, ते मागून घाल, जांभूळ एकटं घालू नको. ज्या माणसाने स्वतःचं सरण निवडलं होतं, तो आता त्याचा जाळ नीट बघून घेत होता.

आता मला जे सांगायचं आहे ते आगटीवरच्या दोरीचं. आगटीवर आडवी एक दोरी होती, कपडे वाळवायला. जागा थोडी. मामंजींची घोंगडी, त्यांचं पांघरूण, त्यांचा सदरा यांनीच ती भरायची, कारण डॉक्टरांनी कोरडं ठेवा म्हणून सांगितलं होतं. आत्याबाईंकडे लुगडी दोन. एक अंगावर. दुसरं, वाळलेलं, त्या घडी घालून मामंजींच्या छातीवर टाकायच्या. खाचरातून आल्या की अंगावरचं ओलं लुगडं नुसतं पिळायच्या आणि तेच नेसून आगटीला फुंकर घालत बसायच्या. आगटीला पाठ करून कधी बसल्या नाहीत. बाजेच्या आणि आगटीच्या मध्ये आलं, की मामंजींची ऊब अडते म्हणून.

मी बोलले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. माझं लुगडं पुढे केलं तर म्हणायच्या, "तू काय नेसशील मंग?" दोरीवर जागा करून दिली तर माझा कपडा काढून मामंजींचं काहीतरी टाकायच्या. "मला काय हुतंय? आवनात भिजून कुनी मेलंय का कवा?" त्यांना खोकला लागला तेव्हाही हेच. "पावसात कुनाला खोकला न्हाई? म्हशीलाबी हाय." आणि खरंच, सगळ्यांनाच खोकला होता. सगळ्या घराचा कान मामंजींच्या छातीला लागला होता. म्हातारं माणूस आषाढात जातं, हे आम्हाला पाठ होतं. कामाला जुंपलेल्या बाईचा महिना त्या पंचांगात नव्हता. ती स्वतः ते पंचांग सांगणारी, तिलाही त्यात स्वतःचं नाव कधी दिसलं नाही.

श्रावण उजाडला आणि मामंजी उठून बसले. नारळी पुनवेला त्यांनी भाकरी मागितली. वाडीला नवल वाटलं. ज्यांनी कानाला हात लावला होता तेच म्हणायला लागले, "म्हातारीनं आखाड परतवला." आत्याबाईंना हे आवडलं असावं. त्या दिवशी त्यांनी नारळाच्या वड्या केल्या. ढिगाच्या जागी आता नुसत्या सालींचा भुगा उरला होता. मी तो झाडून काढला.

गौरी उठल्या आणि आत्याबाई बसल्या. म्हणजे एका दुपारी भाकरी थापता थापता पाटावरून खाली टेकल्या. अंग चुलीसारखं तापलेलं. मालक पौडाला जायला निघाले, पण ओढा भरून वाहत होता. पाणी उतरेपर्यंत थांबले, गेले, औषध आणलं. आत्याबाईंना ते घशाखाली उतरेना. शेवटी शुद्धीवर होत्या तेव्हा मला म्हणाल्या, "त्यांची घोंगडी वाळली का बघ." मी म्हटलं, वाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाऊस जरा उघडला होता, तेव्हा त्या गेल्या. मला त्यांचा राग आला. इतका राग मला पुढे कधी कुणाचा आला नाही.

कुणी काही न मागता वाडी लाकडं घेऊन आली. कुणी दोन, कुणी चार, कुणी पदराखाली पाच गोवऱ्या. ज्यांच्या घरी म्हातारं होतं त्यांनी राखलेल्यातली दिली. चहात मी जिला गूळ घातला नव्हता, तिने सगळ्यांत जास्त आणली. तरी सरणाला कमी पडत होती, आणि बरीचशी दमट. पुरुष अंगणात हळू आवाजात बोलत होते. आभाळ पुन्हा भरून येत होतं.

मामंजी बाजेवर बसून सगळं बघत होते. ते उठले. भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ही बाज न्या."

कुणाला कळेना.

"दोन म्हयने आगटीवर भाजलीया. हितकं कोरडं लाकूड साऱ्या वाडीत न्हाई. मोडा आन् न्या."

मालक नको म्हणाले. मामंजींनी स्वतःच सुंभ सोडायला घेतलं. गाठ सुटेना. मग मालकांनी कोयता आणला. बायका मसणवटीत जात नाहीत, म्हणून पुढचं मी बघितलं नाही. मालकांनी सांगितलं, की पत्रा धरावा लागला, पण सरण धरलं. मामंजींनाही अंगात जोर नव्हता म्हणून नेलं नव्हतं. ते आणि मी दोघंच घरी होतो. ते बाजेच्या जागी जमिनीवर बसून राहिले. 

त्यानंतर मामंजी बरेच पावसाळे जगले. मालक त्यांच्यासाठी लाकडं तोडून रचायचे, पण ते निवडायला कधी गेले नाहीत. जळण ओलं झालं की त्याच ढिगातलं घाला, म्हणून सांगायचे. नवी बाजही त्यांनी करू दिली नाही.

दुसऱ्या वर्षीचं आवण सुरू झालं तेव्हाची गोष्ट. मी संध्याकाळी खाचरातून आले, इरलं टेकवलं आणि सवयीने थेट चुलीकडे निघाले. आमच्यात सून सासऱ्यासमोर आगटीला बसत नसे. बसायचं काय, त्यांच्या देखत पाय शेकले तरी चार तोंडं बोलली असती. मामंजी आगटीशी बसले होते. ते म्हणाले, "थांब." मला वाटलं चहा हवा असेल. त्यांनी दोरीवरची स्वतःची घोंगडी ओढून काढली, काठी टेकत उठले आणि म्हणाले, "लुगडं बदल. ह्ये वाळत घाल. आन् हितं बस. चूल नंतर." आणि दार ओढून घेऊन बाहेर पडवीत जाऊन बसले.

मी आतून म्हटलं, "मामंजी, बाहेर गारठा हाय. छातीत भरंल तुमच्या."

"भरू दे," ते म्हणाले. "तू वाळ आदी."

आवण संपेपर्यंत रोज हेच. पुढच्या वर्षी हेच, त्याच्या पुढच्याही. वाडीतल्या बायका हसायच्या, मालक अवघडायचे, मामंजींना फिकीर नव्हती. मी उंबऱ्यात पाय ठेवला की ते पडवीत निघायचे, आणि बाहेरून त्यांच्या खोकण्याचा आवाज यायचा. मी कोरडं नेसून आगटीपाशी टेकायचे तेव्हा ती जागा त्यांच्या बसण्याने गरम असायची. पहिले काही दिवस मला तिथे बसवायचं नाही. मग मी बसायला शिकले, आणि पाठही शेकून घ्यायला शिकले.